बर्फाच्या हॉलचा नकाशा

पुण्यात असताना चारुता आर्किटेक्ट होती. लग्न होऊन ती विवेकबरोबर अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला आली आणि घरात बसली, कारण त्याच्या नोकरीमुळे तिला मिळालेल्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. तो सकाळी ऑफिसची बस पकडायचा आणि ती खिडकीशी उभी राहून समोरच्या इमारतींची छपरं न्याहाळायची. पावसाचं पाणी कुठून उतरतं, कुठे साचतं, हे बघत राहायची.

२००५च्या गणपतीत तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाच्या रांगेत तिची शोभनाकाकूंशी ओळख झाली. काकू सत्तरच्या दशकात इथे आल्या होत्या आणि आता सिअ‍ॅटलच्या एका आर्किटेक्ट फर्ममध्ये सीनियर होत्या. डोंगरात एक मोठी हिवाळी क्रीडास्पर्धा व्हायची होती. त्या स्पर्धेसाठीच्या स्केटिंगच्या हॉलचं डिझाइन त्यांच्याकडे होतं.

"ये की एकदा, मॉडेल दाखवते," काकू म्हणाल्या.

चारुता गेली. पुठ्ठ्याच्या त्या हॉलवरून तिची नजर हलेना. पुढच्याच्या डोक्यावरून बर्फ दिसावा म्हणून प्रत्येक रांग किती उचलायची, हजारो माणसांच्या श्वासाने बर्फावर धुकं धरू नये म्हणून हवा कुठून सोडायची, हे काकू समजावत होत्या आणि चारुताचे हात शिवशिवत होते. त्यानंतर ती दर आठवड्याला जायला लागली. नुसती बसायची आणि बघायची.

एकदा न राहवून तिने विचारलं, "काकू, या दाराचं मी एक स्केच करून बघू? पैसे नकोत मला."

काकूंनी फर्मच्या वकिलांना विचारलं. फुकट केलं तरी ते कामच, असं उत्तर आलं. वर, तिने असं दर आठवड्याला येऊन बसणंही बरं नव्हे. काकूंनी हे तिला गाडीपर्यंत सोडायला येऊन सांगितलं. सांगताना त्यांचा हात तिच्या पाठीवर होता.

घरी विवेक म्हणाला, "अगं, मग एखादा पेंटिंगचा क्लास जॉइन कर ना. वेळ जाईल."

"मला वेळ घालवायचा नाहीये, विवेक!" ती इतक्या जोरात बोलली की दोघंही दचकले. मग हळू आवाजात म्हणाली, "माझं काम मला हवंय. तुला तुझं आहे ना, तसंच."

मग विवेकनेच लॅपटॉप उघडला आणि मास्टर्सच्या अ‍ॅडमिशनची माहिती शोधू लागला. स्टुडंट व्हिसावर शिकून झालं की काही काळ नोकरी करता येत होती. काकूंनी शिफारसपत्र दिलं. स्कॉलरशिप मात्र एकाच ठिकाणची मिळाली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलिनात. चारुता तिथल्या कॅरी नावाच्या गावात एका मराठी कुटुंबाच्या वरच्या खोलीत राहू लागली. घर रेडमंडला राहिलं, आणि विवेकही.

शिकून झाल्यावर तिला तिथल्याच एका ऑफिसात काम मिळालं, शाळांच्या जिमचं, म्हणजे खेळांच्या बंदिस्त हॉलचं. ते काम तिला आवडलं. तरी डोंगरातला हॉल बांधून झाल्याचं काकूंनी कळवलं तेव्हा तिचं दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. उद्घाटनाला जायला तिला रजाही मिळाली नाही. काकूंनी विवेकला नेलं. त्याने आतूनच फोन लावला.

"कसा आहे रे?"

"मोठा आहे. थंड आहे यार, भयंकर."

"उजेड कुठून येतोय? बर्फावर सावल्या पडतायत का? शेवटच्या रांगेत जाऊन बस आणि सांग."

तो चढून गेल्याचं त्याच्या धापेवरून कळलं. तो बसला, बघत राहिला. मागे लोकांचा कल्ला आणि स्केट्सची खरखर ऐकू येत होती.

"चारू, मला यातलं काही कळत नाही गं," तो म्हणाला. "दिसतंय सगळं. पण नेमकं काय बघायचं, ते सांगायला तू इथे नाहीयेस."

तिच्या टेबलावर जिमच्या छताचं अर्धवट ड्रॉइंग पसरलेलं होतं. ते सोडून जावंसं वाटत नव्हतं, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटत होतं.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली. "तसाच चालू राहू दे थोडा वेळ."