चहाआधी प्रश्न

अमरावतीच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 'ग्रंथसंवाद' होतो आणि त्याला गर्दी होते. या गर्दीचं श्रेय कोणाला ग्रंथांना द्यायचं असेल तर आमची हरकत नाही, पण ती होते आलूबोंड्यासाठी. हे ओळखूनच ग्रंथपाल प्रमोदिनी मॅडमनी नियम घातला: प्रश्न विचारल्याशिवाय चहा-बोंडा नाही. प्रश्न विचारला की मॅडम तिथल्या तिथे पिवळी चिठ्ठी देतात आणि ती काउंटरवर दिली की बोंडा मिळतो. प्राध्यापक असो की विद्यार्थी, सूट कोणाला नाही. खुद्द प्राचार्यांनी एकदा "पुस्तकाची पानं किती?" एवढं विचारून चिठ्ठी पदरात पाडून घेतली होती. निवृत्त वकील गोवर्धनराव तर दर वेळी एकच प्रश्न विचारतात, "लेखक मूळचे कुठले?" आणि उत्तर यायच्या आत काउंटरकडे चालू लागतात.

या खेपेचा वक्ता होता रोहित. अकोल्याच्या जुन्या शहरातला, घरचं फुलांचं दुकान, तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारा. बोलायचं होतं फुलबाजारावरच्या एका नव्या पुस्तकावर. त्याला बोलवा, असं त्याच्या मैत्रिणीने, इथेच पीएच.डी. करणाऱ्या गीतांजलीनेच मॅडमना सुचवलं होतं. आणि आता तीच गीतांजली पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. गोवर्धनरावांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "उलटतपासणी आहे आज. बोंडा थंड झाला तरी चालेल, मी हलत नाही."

झालं होतं ते असं. गीतांजली चांदूर बाजारची. वडील शालिकराम भाजी पिकवतात, आई पार्बताबाई ती आठवडी बाजारात विकते. वऱ्हाडातल्या बाजारात भाव करताना माणसं काय बोलतात, काय गिळतात, यावर तिने पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. पाच प्रकरणं. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. या महिनाअखेर प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणीच रद्द, म्हणजे सहा वर्षांचा संसार पाण्यात. जमा करण्याआधी प्रबंध ग्रंथालयाच्या संगणकावर तपासून घ्यावा लागतो. मशीन त्यातला मजकूर दुसरीकडे साठवलेल्या लिखाणाशी ताडून बघतं आणि किती जुळलं ते सांगतं. दहा टक्क्यांच्या आत जुळलं तर मॅडम प्रमाणपत्र देतात.

बुधवारी गीतांजलीचं जुळलं एक्क्याण्णव टक्के.

मॅडम कागद वाचवतात, त्यामुळे त्यांनी अहवालाचं फक्त पहिलं पान छापून तिच्या हातात दिलं. त्यावर उगम लिहिला होता: अकोल्यातलं एक महाविद्यालय, विद्यार्थी-लेखन, तारीख दिवाळीनंतरची. नाव नाही. मशीन नावं सांगत नाही.

"मॅडम, म्हणजे माहा प्रबंध कोणी चोरला?"

"किंवा तू कोणाचा." मॅडम हे रागाने नाही, नियमाने बोलल्या. "मशीनला दोन्ही सारखंच दिसतं गं. तुझ्या मार्गदर्शकांचं लेखी स्पष्टीकरण आण, मग पाहू."

मार्गदर्शक उद्धव सर. घराण्यात आजोबांपासून सगळे वकील नाहीतर मास्तर. बोलणं मोजकं, कौतुक त्याहून मोजकं. गीतांजली डोळे पुसत त्यांच्याकडे गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि विचारलं, "अकोला म्हणालीस?" थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "नक्की अकोलाच?" मग म्हणाले, "गंभीर आहे. बघतो." स्पष्टीकरण काही दिलं नाही. गीतांजलीला वाटलं, सरांना आपल्यापेक्षा जास्त धक्का बसलाय. ते अगदी खरं होतं, पण कशाचा, ते तिला कळायला शनिवार उजाडावा लागला.

खोलीवर येऊन तिने हिशेब मांडला. अकोल्यात आपलं लिखाण कोणाकडे गेलं? एकाच माणसाकडे. दिवाळीच्या सुट्टीत तिने रोहितला तिसरं प्रकरण वाचायला पाठवलं होतं. एकदा हे आठवल्यावर बाकी सगळं आपोआप रांगेत येऊन उभं राहिलं. त्याने मध्येच फोन करून "जमा कधी करून राहिली?" असं काहून विचारलं? त्याला यंदाच तास कसे मिळाले? बोलायला नेमकं बाजारावरचंच पुस्तक कसं सापडलं? आधी ज्या गोष्टींनी ती सुखावली होती, त्याच आता पुरावा झाल्या.

हे तिने होस्टेलवर फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. त्यामुळे शनिवारपर्यंत कॉलेजात ज्याला माहीत नव्हतं असा एकटा रोहित उरला. कॉलेजचे दोन भाग पडले होते. अर्ध्यांना रोहित चोर वाटत होता. उरलेल्या अर्ध्यांना गीतांजली. स्टाफरूममध्ये दार ओढून घेऊन बोलणं चालायचं: "पोट्टी हुशार आहे, नाही असं नाही. पण बाजारात वांगी मोजणाऱ्या घरातून अशी भाषा कुठून येईल?" बोलणाऱ्यांपैकी एकानेही प्रबंध वाचलेला नव्हता.

चार वाजता संवाद सुरू झाला. अध्यक्ष उद्धव सरच. रोहित बोलला छान. फुलवाल्या बाया देवळाचा भाव वेगळा आणि लग्नाचा वेगळा कसा सांगतात, ते त्याने नक्कल करून दाखवलं, लोक हसले. मग म्हणाला, "गिऱ्हाईक पाय उचलते तेव्हा खरा भाव निघते. हे या पुस्तकात नाही. एका प्रबंधात आहे, अजून छापला नाही तो."

"प्रबंध कोणाचा, तेही सांगा!" मागून कोणीतरी ओरडलं.

"लिहिणारी इथंच बसली आहे," रोहित हसून म्हणाला आणि त्याने गीतांजलीकडे हात केला. अख्खा हॉल तिच्याकडे वळला. पण कोणीच हसत नाही, हे बघून रोहितचा हात हवेत तसाच राहिला.

प्रश्नांची वेळ झाली. गोवर्धनरावांनी लेखकाचं मूळ गाव विचारलं, चिठ्ठी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा जागेवरच बसून राहिले. मग गीतांजली उठली.

"मॅडम, माहा प्रश्न पुस्तकावर नाई. चालते का?"

"वक्त्यालाच आहे ना? मग चालतो."

तिने माईक घेतला. "रोहित, माहा प्रबंध तू कोणाच्या नावानं जमा केला?"

"काय बोलून राहिली वं तू?"

"सरळ विचारून राहिली. एक्क्याण्णव टक्के जुळलं. अकोल्याच्या कॉलेजात आधीच जमा आहे. अकोल्यात मी तुह्याशिवाय कोणाले काही पाठवलं नाई."

रोहितचं तोंड उतरलं. आता हा कोसळतो की भांडतो, याची वाट बघत सगळे पुढे सरकले. त्याने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "तू मले काय पाठवलं होतं?"

"प्रकरण."

"कोणतं?"

"तिसरं."

"एकच ना? मंग तिसऱ्याचे एक्क्याण्णव टक्के कसे होतीन? मॅडम, कोणकोणतं प्रकरण जुळलं ते पाहा तरी. मले इथं उभं करूनच ठेवलं आहे, तर हिशेब तरी पूर्ण होऊ द्या."

 पहिल्या पानापलीकडे अहवाल प्रमोदिनी मॅडमनीही उघडला नव्हता, आणि ते आता सगळ्यांसमोर कळणार होतं. तरी त्यांनी तो उघडला. पडद्यावर मघापर्यंत पुस्तकाचं झेंडूच्या फुलांचं मुखपृष्ठ होतं, तिथे प्रबंध आला. जुळलेला मजकूर मशीन लाल रंगात दाखवतं. पहिलं प्रकरण लाल. दुसरं लाल. तिसरं, चौथं लाल. पाचवं तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

"पाचवं तू कोणाला दिलं होतंस?" मॅडमनी विचारलं.

"कोणालेच नाई. ते तर शेवटी लिहिलं. फक्त..."

 गीतांजली सरांकडे वळलीही नाही, पण तिची मान थोडी ताठ झाली, आणि हॉलमधल्या सगळ्या नजरा अध्यक्षांच्या खुर्चीकडे जायच्या ऐवजी टेबलावरच्या फुलदाणीत जाऊन बसल्या. मास्तरांच्या कॉलेजात मास्तरांकडे रोखून बघायची पद्धत नाही.

गोवर्धनरावांनी घसा साफ केला. "मॅडम, अध्यक्षांचा प्रश्न राहिला. चिठ्ठी तर त्यांनाही लागतेच."

उद्धव सर सावकाश उठले. "प्रमोदिनीताई, तुम्हाला प्रश्न विचारला तर चालेल?"

"आज सगळंच चालतंय सर."

"हे जे मशीन आहे... त्यात कोणी नुसतं तपासायला म्हणून काही टाकलं... जमा करायला नाही, फक्त तपासायला... तर तपासून झाल्यावर ते काढून टाकतं ना?"

"नाही काढत. टाकतानाच 'साठवू नये' यावर खूण करावी लागते. नाही केली तर ठेवून घेतं. मग पुढच्या वेळी तेच लिखाण आलं की जुळलं म्हणून दाखवतं."

"असं होय," सर म्हणाले, आणि उभेच राहिले. मॅडमनी सवयीने पिवळी चिठ्ठी फाडून पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

"दिवाळीनंतर गीतांजलीचा अख्खा प्रबंध मी अकोल्याला पाठवला होता. सौमित्रकडे. तिथे ग्रंथपाल आहे तो, माझा वर्गमित्र. खूण करायची राहिली असणार त्याची."

"काहून सर?" गीतांजलीच्या हातात माईक अजून होता.

"तपासायला."

"तपासाले इथं मॅडम होत्या ना."

"इथे तपासलं असतं तर चहापर्यंत सगळ्या कॉलेजला कळलं असतं."

यावर खरं तर हसू यायला हवं होतं. मागे एक जण हसलाही, मग खोकल्यासारखं करून गप्प झाला.

"ते नाई विचारून राहिली मी. तपासायचं काहून होतं?"

सरांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. "पाचवं प्रकरण वाचलं. फार चांगलं होतं. इतकं चांगलं, की मला वाटलं, हे तुझं नसेल."

"आन् किती आलं होतं तिथं?"

"चार टक्के."

"म्हणजे दिवाळीपासून तुमाले ठाऊक होतं, माह्यंच आहे म्हणून."

"हो."

"आन् बुधवारी मी तुमच्यापाशी रडत आली, तवा?"

"मला वाटलं, सौमित्रने ते कोणाला तरी दिलं. त्याला फोन लावत होतो आणि त्याने उचलायच्या आत ठेवत होतो. विचारलं असतं तर..." सरांनी चष्मा परत लावला. "तर तुला कळलं असतं, की मी तपासलं."

"चांगलं आहे, हे तुमी मले सांगितलं नाई सर. सहा वर्षांत एकदाही नाई. आज माईकवर सांगून राहिले, ते बी चोरी वाटली म्हणून."

 सर सरळ काउंटरवर गेले, मॅडमकडे कोरा कागद मागितला आणि लोकांसमोर उभ्याउभ्या स्पष्टीकरण लिहिलं: प्रबंध विद्यार्थिनीचाच आहे, तो अकोल्याला मी पाठवला, विद्यार्थिनीला न विचारता पाठवला. 'न विचारता' हे आधी लिहायचं राहिलं होतं. कागद गीतांजलीला वाचायला दिल्यावर तिने बोट ठेवलं, तेव्हा ते वर घातलं. मॅडमनी लगेच सौमित्रला फोन लावला आणि तिकडची प्रत काढायची विनंती आजच पाठवायला सांगितलं. "सोमवारी फिरून तपासते," त्या गीतांजलीला म्हणाल्या, "आणि या वेळी शेवटच्या पानापर्यंत बघते." मग मघापासून हातात चुरगळलेली अध्यक्षांची चिठ्ठी त्या टाकून देणार, तेवढ्यात गोवर्धनरावांनी ती अलगद काढून घेतली आणि दोन बोंडे घेऊन घरी गेले.

हॉल रिकामा व्हायला वेळ लागला नाही. स्टाफरूमवाली मंडळी गीतांजलीजवळ येऊन "आमची खात्रीच होती हो" असं सांगून गेली. तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

रोहित जिन्यावर बसला होता. त्याला बोंडा कोणी दिलाच नव्हता. नियम श्रोत्यांचा, वक्त्याचं काय करायचं हे त्यात लिहिलेलंच नाही. गीतांजलीने स्वतःच्या चिठ्ठीवर आणलेला बोंडा त्याच्यापुढे धरला.

"चुकलं माह्यं."

"सरानं तुले चोर समजलं, तू मले," तो बोंडा मोडत म्हणाला. "त्यानं निदान लपून तपासलं. तू तर बापा माईक घेतला."

"म्हणून राहिली ना, चुकलं."

"चाळीस माणसात विचारलं, आन् माफी जिन्यावर?"

"पुढच्या महिन्यात येशीन तर माईकवर मांगतो."

"येईन. मॅडमले सांगून ठेव, वक्त्याले बी चिठ्ठी पाहिजे म्हणा." अर्धा बोंडा त्याने तिला परत दिला. "आता पाचवं प्रकरण देशीन का नाई वाचाले? एवढ्या शिव्या खाल्ल्या त्याच्यापायी, अन् माहीतच नाई आत काय आहे."

 गीतांजलीने चहाचा कप या हातातून त्या हातात घेतला. रोहित बघत होता, आणि आपण पुन्हा तोच हिशेब मांडतोय हे तिलाही कळत होतं.

"देतो," ती म्हणाली. "पण छापून देतो. मेलवर नाई."