लेपाचे साक्षीदार

“पुढं बसा हो पुतळाबाई, मागं फार गचके बसतात,” म्हणत सुभाष धुरींनी मासळीवाल्या पुतळाबाईंना बसवून ट्रॅक्स जीपचं दार ओढलं. ते लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून दाणकन लावलं. मागच्या बाकांवर सोसायटीची अर्धी कमिटी एकमेकांच्या मांड्यांवर बसल्यासारखी बसली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाबासो पाटलांनी भर उन्हाळ्यात सफारी चढवला होता, तोही लग्नाकार्याला काढायचा.

“एक लक्षात ठेवा. खरं तेच सांगायचं. वाढवून नको, कमी करून नको,” धुरी ड्रायव्हरच्या बाजूनं आत चढत म्हणाले.

“खोटं कशाला सांगू? ह्या डोळ्यांनी बघितलंय की,” बाबासो म्हणाले, आणि गाडी सानपाड्याहून ऐरोलीच्या दिशेनं निघाली.

धुरी तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा माणूस. सरकारी कचेरीत जन्म घालवला, निवृत्त झाल्यावर सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं, तेही इतर कुणी घेईना म्हणून. असा माणूस आज साक्षीदारांची गाडी भरून निघाला होता, ते मुलीसाठी. त्यांची ऋता ऐरोलीजवळच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. इमारतीच्या काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्यांना गंज धरू नये म्हणून तिनं एक लेप तयार केला होता. चिंचोक्याची पूड, भट्टीची राख आणि आणखी दोनचार वस्तू. खाडीकाठच्या या गावात, जिथं दहा वर्षांच्या इमारतीचे खांबही सोलून निघतात, तिथं हा लेप म्हणजे काय चीज होती हे कुणाला सांगायला नको. संस्थेनं जानेवारीत त्याच्या पेटंटचा अर्ज केला. अर्जात शोध लावणारे म्हणून दोन नावं होती, संचालक डॉ. केंकरे आणि त्यांचे एक सहकारी. ऋताचं नाव नव्हतं.

हे तिनं परवा सांगितलं, तेही धुरींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा. कपड्यांच्या घड्या घालता घालता, त्यांच्याकडे न बघता.

“बाबा, तुम्ही यात पडू नका. माझी शपथ आहे.”

पोर घाबरली आहे, असं धुरींना वाटलं. ज्या सरांच्या हातात पदवी, त्यांच्यासमोर ती काय बोलणार? पण बापानंही हाताची घडी घालून बसायचं? दोन रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी त्यांनी शपथ बाजूला ठेवली आणि साक्षीदार गोळा केले.

साक्षीदार तर होतेच! गेल्या दसऱ्याला सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबांना ऋतानं स्वतः तो लेप लावला होता, आणि धुरींनी त्याचा सोहळा केला होता. खांबाला झेंडूचं तोरण, समोर खुर्च्या, माइक. नारळ धुरींनीच फोडला. ऋता नको नको म्हणत होती, तरी तिच्या हातात माइक देऊन त्यांनी तिला सगळं समजावून सांगायला लावलं. आपली मुलगी बोलत होती आणि माणसं ऐकत होती. एवढा आनंद धुरींना तिच्या बारशालासुद्धा झाला नव्हता.

संस्थेत पोचल्यावर शिपायानं आधी खळखळ केली, पण एवढी माणसं बघून आत वर्दी दिली. केंकऱ्यांच्या केबिनमध्ये एक गोरटेला, शांत गृहस्थ बसला होता. रंगाच्या कुठल्याशा कंपनीचे सबनीस, केंकऱ्यांनी ओळख करून दिली. लेप बनवण्याचा परवाना त्यांची कंपनी घेणार होती, आज करारावर सह्या व्हायच्या होत्या. धुरींना देवच पावल्यासारखं झालं. बरं झालं, ह्यांनीही ऐकावं.

“सर, माझ्या मुलीचं नाव राहिलंय,” धुरी म्हणाले. वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण त्या एका वाक्यात संपलं.

केंकरे चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

“ऋता हुशार आहे, वादच नाही. पण धुरीसाहेब, विद्यार्थ्याचं काम हे संस्थेचं काम असतं. प्रवेश घेताना तशी सही घेतो आम्ही सगळ्यांची. जागा आमची, यंत्रं आमची. मालकी संस्थेचीच.”

“मालकी ठेवा की तुमच्याकडे! आमचं काही म्हणणं नाही. शोध कुणी लावला एवढंच खरं लिहा.”

“ते ठरवणार कसं?”

“ही माणसं आणलीत ना मी. दसऱ्याला सगळ्यांसमोर लावला तिनं लेप.”

केंकऱ्यांचा हात चष्म्यावरच थांबला. “दसऱ्याला? हे बघा, हे आपण नंतर बोलू. आत्ता मीटिंग—”

“असू दे सर,” सबनीस म्हणाले. ते उठले, पुतळाबाईंना स्वतःची खुर्ची दिली, शिपायाला चहा सांगितला. मग खिशातून पेन काढून टोपण उघडलं. “बोला. गेल्या दसऱ्याला म्हणजे अर्जाच्या आधी. कोण कोण होतं? फक्त सोसायटीचे मेंबर?”

किती सभ्य माणूस, धुरींच्या मनात आलं. त्यांनी पुतळाबाईंना खूण केली.

“मी कुठली मेंबर? मी गेटावर म्हावरा इकतं,” पुतळाबाई म्हणाल्या. “पन मना बोलावलं व्हतं. रिक्षावाले, इस्त्रीवाला, समदे व्हते. पोरीनं चिंचोके दाखवले तवा मना हसूच आलं बघा. म्हनलं, चिंचोक्यानं कुठं बिल्डिंग टिकते? पन टिकली, खांब खनखनीत हाय.”

“म्हणजे लेपात काय आहे तेही सांगितलं तिनं?”

“किती घ्यायचं, किती शिजवायचं, सगळं!” बाबासोंना आता राहवेना. “अहो, ऐकून ऐकून म्या गावाकडं घरीच केला. विहिरीच्या मोटरला लावला. आमच्याकडं चिंचोक्याला काय तोटा?”

“आणि जमला?”

“जमला म्हंजे! झकास!”

सबनीस लिहीत होते. तेवढ्यात दारात ऋता आली. प्रयोगशाळेतून तशीच, पांढऱ्या कोटात. खोलीतली ओळखीची तोंडं एकेक करून बघत तिची नजर वडिलांवर येऊन थांबली. ती रागावली असती तर धुरींना बरं वाटलं असतं. पण ती रागावलेली नव्हती. दमल्यासारखी दिसत होती.

“तुमच्या वडिलांनी फार मदत केली आमची,” सबनीस तिला म्हणाले, आणि मग धुरींकडे वळले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “नियम असा आहे धुरीसाहेब. पेटंटचा अर्ज करायच्या आधी ती गोष्ट लोकांसमोर आलेली चालत नाही. एकदा चारचौघांना कळली, कुणीही घरी करून बघू शकलं, की ती कुणाच्याच मालकीची राहत नाही. संस्थेच्या नाही, सरांच्या नाही आणि तुमच्या मुलीच्याही नाही. मग आम्ही परवाना तरी कशाचा घ्यायचा? तसाच बनवू.”

धुरींना पहिल्यांदा नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी टेबलाची कड धरली.

“एक मिनिट, एक मिनिट,” केंकरे उठून ऋताजवळ गेले. “ऋता, यांचा गैरसमज झालाय. तो लेप नव्हताच ना? बाजारातला साधा रंग होता, वडिलांच्या समाधानासाठी लावलास. हो ना? एवढं सांग यांना. तुझं नाव मी आजच घालतो. पहिलं. माझ्याही आधी.”

धुरींनी मुलीकडे पाहिलं. सांगून टाक बाई, त्यांना ओरडावंसं वाटलं. सांग की बाप बढाईखोर आहे, काहीही सांग. त्यांनी मान हलवली, हो म्हण अशी. पण ऋता त्यांच्याकडे बघत नव्हती. पुतळाबाई बशीतला चहा फुंकायच्या थांबल्या होत्या. बाबासो सफारीची बटणं चाचपत होते. आपण खोटे ठरतोय की काय, एवढंच त्यांना कळलेलं दिसत होतं.

“बाबासोकाका, मोटरला गंज आला का?” ऋतानं विचारलं.

“एक ठिपका नाही, पोरी! आईशप्पत!”

“अवकाळी पावसानंतरही?”

“पाऊस, थंडी, समदं काढलं की. परवाच बघून आलो.”

ऋता हसली. कित्येक महिन्यांत धुरींनी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

“मग तो माझाच लेप,” ती म्हणाली.

सबनिसांनी कराराचे कागद बॅगेत ठेवले, सगळ्यांशी हात मिळवले, पुतळाबाईंना नमस्कार केला आणि गेले. केंकरे खिडकीबाहेर बघत राहिले. “प्रबंधाचं पुढच्या वर्षी बघू,” ते एवढंच म्हणाले. ते कुणाला म्हणाले, हे ऋताला बरोबर कळलं.

बाकीची मंडळी जिना उतरून गेली. धुरी मात्र व्हरांड्यातल्या बाकावर बसले.

“तुला माहीत होतं?”

“जानेवारीत कळलं. अर्ज कसा करतात ते वाचलं तेव्हा.”

“म्हणून गप्प बसलीस? नाव गेलं तरी?”

“तोंड उघडलं असतं तर पुरावा काय दिला असता? दसराच ना? मग सगळंच गेलं असतं. सरांच्या नावावर का होईना, राहिलं असतं कुठंतरी.”

“अगं, मग मला सांगायचं! मी कशाला आलो असतो इथं?”

ऋता त्यांच्या शेजारी बसली. कोटाच्या बाहीवरची राखेचा डाग पडलेली जागा ती नखानं खरवडत राहिली.

“काय सांगणार होते मी, बाबा? की तुम्ही नारळ फोडलात म्हणून पेटंट गेलं? आजपर्यंत एवढे खुश कधी झाला होतात तुम्ही?”

धुरी काही बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून ते उठलेच. आपलं सामान आवरून संध्याकाळी येते, असं ऋता म्हणाली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जिन्याकडे निघाले.

खाली गाडीत नुसता कल्ला चालला होता. कंपनीचा साहेब स्वतः हात मिळवून गेला म्हणजे काम फत्ते, यावर कमिटीचं एकमत झालं होतं. “केंकऱ्याचं तोंड बघितलं का? पार उतरलं होतं,” बाबासो मांडीवर थाप मारून सांगत होते. “म्या मोटरचं काढलं आणि तिथंच गार झाला गडी!”

धुरी चढून बसले. पुतळाबाई त्यांच्याकडे वळल्या. सकाळचा धंदा बुडवून आलेली ती बाई उत्सुकतेनं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“मंग? लागलं ना पोरीचं नाव?”

सगळे ऐकू लागले.

“लागलं,” धुरी म्हणाले.

“आमच्यामुलं?”

“तुमच्यामुळंच, पुतळाबाई. तुम्ही सगळे आलात म्हणून,” धुरी म्हणाले, आणि त्यांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.