पाणी सोडलेली पेटी

औंढ्याच्या रखमाजी सुताराने उभ्या जन्मात नांगर केले, गाड्यांची चाकं केली, लोणावळ्याच्या बंगल्यांना दारं-खिडक्या बसवल्या. लाउडस्पीकरची पेटी मात्र त्याने कधी पाहिलीसुद्धा नव्हती. लढाई नुकती संपली होती. लष्कराचा मोडका-तोडका माल लिलावात निघत होता, आणि लोणावळ्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गफूरने त्यातून एक स्पीकर मिळवला होता. मागे जड लोहचुंबक, पुढे काळ्या कागदाचा शंकू.

"हा नुसता वाजवला तर पत्र्यावरून मांजर चालल्यासारखा वाजतो," गफूर म्हणाला. "ह्याला घर पाहिजे. लाकडाचं, घट्ट. मग बघ कसा बोलतो."

"किती लांब बोलंल?"

"वेशीपर्यंत."

"मंग झालं," रखमाजी म्हणाला. "आमच्या बुवांना तेवढं बास हाय."

बुवा म्हणजे बेडशाचे महिपतीबुवा. औंढ्याला चैत्रात सप्ताह बसतो, आणि त्याच्या शेवटच्या दिवसाचं काल्याचं कीर्तन महिपतीबुवांचं, हे रखमाजीला कळायला लागल्यापासून ठरलेलं. काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचा कळस. बाळकृष्णाच्या खोड्या सांगत बुवा मंडपाला हसवायचे, आणि माणूस हसत असतानाच त्याच्या डोळ्यांना पाणी कधी लागलं हे त्याचं त्यालाही कळायचं नाही.

रखमाजीचा जीव त्यांच्यावर जडला त्याला कारण होतं. त्याची एकुलती लेक गोवरात गेली, तेव्हापासून तो देवाचं नाव काढलं की उठून जाई. सप्ताहाकडेही फिरकला नाही. मग एक दिवस बुवाच न बोलावता बेडशाहून चालत आले. अंगणात भुशाच्या ढिगाशेजारी उभे राहिले. टाळ नाही, मृदंग नाही. समोर बसलेले रखमाजी आणि त्याची बायको अंबूबाई. तेवढ्या दोन माणसांसाठी त्यांनी नमनापासून आरतीपर्यंत अख्खं कीर्तन केलं, पिठलं-भाकरी खाल्ली आणि गेले. लेक गेल्यावर रखमाजी पहिल्यांदा रडला तो त्या दिवशी.

आणि आता त्याच बुवांचा आवाज गेला होता. छातीच्या दुखण्यातून ते उठले, पण गळा काही उठला नाही. पुढच्या माणसांपलीकडे शब्द जाईना. मागे बसलेले लोक कामशेतच्या बाजारातल्या भाताच्या गोष्टी करू लागले, बायका पोरं कडेवर घेऊन निघू लागल्या. गेल्या सप्ताहात पंचांमधला मोठा माणूस, कोंडाजी पाटील, सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पुढल्या साली दुसरं कुनी बगावं लागंल."

तेव्हापासून रखमाजीला एकच ध्यास. बुवांचा काला जाता कामा नये.

पहिली पेटी त्याने आंब्याच्या फळ्यांची केली. गफूरने तारा जोडल्या, आणि पेटी अशी थरथरली की खिळेसुद्धा गाऊ लागले. रखमाजीने ती मोडून चुलीला लावली आणि सागाला हात घातला. फळ्यांना दाते काढून एकात एक बसवले, खिळा एकही नाही. सरस शिजवायला घेतला तसं अंबूबाईने नाकाला पदर लावला.

"देवाच्या पेटीला कातड्याचा सरस लावता व्हय?"

"मृदंगाला काय केळीचं पान असतंय?" रखमाजी म्हणाला. ती हसली आणि वाऱ्याच्या बाजूने उठून बसली.

आतून त्याने घोंगडीचे तुकडे चिकटवले, आवाज आतल्या आत घुमू नये म्हणून. पुढच्या फळीला गोल भोक पाडलं, त्यावर पातळ कापड ताणलं. मग काचकागदाने फळ्या अशा घासल्या की हात फिरवला तर गालावर फिरवल्यासारखं वाटावं. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. कापसाचा बोळा त्यात भिजवून हात द्यायचा, वाळू द्यायचं, पुन्हा द्यायचा. साग मधासारखा उजळत गेला. गफूर बघायला आला तेव्हा त्याने आधी हात धोतराला पुसल्यासारखे सदऱ्याला पुसले आणि मगच पेटीला लावले.

"आता एक ऐक माझं," तो मग म्हणाला. "पेटी घरी ठेव. स्पीकर मी तुला दिला, पेटी तू केलीस. सप्ताहाला न्यायची, झालं की परत आणायची."

"देवासाठी केलेली वस्तू घरात ठिवून काय करू? तिच्यावर चटणी वाटू?"

"चटणी वाट, नाहीतर टोपी ठेव. पण तुझी राहू दे."

रखमाजीला ते पटलं नाही. माळकरी माणूस तो. देवाला दिलं तर अर्धं देऊ नये, हे त्याने कीर्तनांतच ऐकलेलं. फाल्गुनातल्या एकादशीला त्याने पेटी देवळात नेली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि गुरवाने पळीने हातावर घातलेलं पाणी पंचांसमोर ताम्हनात सोडलं. पाणी सोडलं म्हणजे वस्तूवरचा हक्क सोडला. "ही पेटी बुवांच्या काल्यासाठी," असे चार शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण देवाला देताना माणसाचं नाव घ्यावं, हे त्याला हावरटपणाचं वाटलं. त्याने ते गिळले.

त्याच दिवशी पेटीची परीक्षा झाली. वरून धरणाची वीज तारांमधून मुंबईला जात होती, पण गावात कंदीलच. म्हणून गफूरने माईक आणि आवाज वाढवायचं आपलं मशीन आणलं, त्याबरोबर मोटारलॉरीची बॅटरीही आणली होती. बुवांनी माईकपुढे उभं राहून विठ्ठलाचं नाव घेतलं. ओढ्यापलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. रखमाजीच्या अंगावर काटा आला. बुवाही लहान पोरासारखे हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला. तो खोकलाही ओढ्यापलीकडे गेला. छातीतली घरघर, दोन शब्दांमधली धाप, सगळं पेटीने इमानाने गावभर पोचवलं. रखमाजीला त्यातलं नावच ऐकू आलं. कोंडाजी पाटलाला घरघर.

आठवडा गेला नाही तोच पाटलाने त्याला देवळात बोलावलं.

"रखमा, पेटी झ्याक केलीस. म्हनून म्हन्लं, पेटीसारका आवाज बी पायजे. पुन्याचे एक बुवा हायेत, त्यांना काल्याला बोलवलंय."

"पाटील, पेटी बुवांसाठीच केली म्या."

"आसं पानी सोडताना बोल्ला न्हाईस."

"बोल्लो न्हाई. पर समद्यांना ठावं व्हतं."

"समद्यांना ठावं आसंल," पाटील शांतपणे म्हणाला. "देवाला ठावं न्हाई. आता पेटी देवाची, आन् देवाचं कोन बगतं? पंच. आरं, म्हाताऱ्याची धाप मोठी करून काय ऐकायची?"

रखमाजी उठला. सरसात पकडलेली फळी आता कुठूनही सुटणार नव्हती.

गफूरला कळलं तेव्हा त्याने सरळ मार्ग काढला. "मशीन माझं आहे. बॅटरी उतरली म्हणतो. येतच नाही. बसू दे पुण्याच्या बुवांना ओरडत."

"नगं, गफूरभाई. देवाच्या कामात खोटं नगं."

"तुझा देव तुला बरा सापडलाय," गफूर म्हणाला. "पाटलाच्या बाजूने बोलतो आणि तुझ्याकडूनच काम करून घेतो."

बुवांना सांगायला रखमाजी स्वतः बेडशाला गेला. बुवा ओसरीवर तुळशीची माळ ओवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं झालं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी कधी औंढ्याचा काला बसून ऐकला नाही. यंदा ऐकीन." आणि पुढचा मणी ओवायला गेले, पण दोरा काही त्यात जाईना.

काल्याच्या सकाळी मंडप मावेनासा भरला. कार्ल्याची, मळवलीची माणसं पेटी ऐकायला आली. अंबूबाई मात्र आली नाही. "त्या मंडपात माझं पाऊल पडायचं न्हाई," एवढं बोलून ती चुलीपुढे बसली. महिपतीबुवा आले, कोणी कोणी वाकून पाया पडलं, आणि ते खांबाला टेकून बसले. रखमाजी पेटीशेजारी. तार ढिली झाली तर बघायला म्हणून गफूरने त्याला तिथे बसवलं होतं. एकदा त्याचा हात तारेवर गेला, आणि तसाच परत आला.

पुण्याच्या बुवांचा गळा खरोखर गोड होता. त्यात खोट काढावी म्हणून रखमाजी कान लावून बसला होता. त्यांनी गोकुळातली लोण्याची चोरी सांगायला घेतली, मंडप हसला, आणि अभंगाचं चरण वर चढलं तसं साग गळा असल्यासारखा गायला लागला. एक शब्द तुटत नव्हता. रखमाजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या आवाजाचा त्याने तिरस्कार करायला हवा होता, तो त्याच्याच हातच्या लाकडातून येत होता आणि त्याला रडवत होता. त्याने खांबाकडे पाहिलं. महिपतीबुवा डोळे मिटून, ताल धरून, मान हलवत होते. त्यांना राग आला असता तर रखमाजीला सोपं गेलं असतं.

हंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला वाटला. मग कोंडाजी पाटील माईकपुढे आला. पेटी करणाऱ्या रखमाजी सुताराचा गावातर्फे सत्कार. नारळ, टोपी. टाळ्या. पुण्याचे बुवा कौतुकाने म्हणाले, "दोन शब्द बोला, महाराज. तुमचा आवाज तुमच्या पेटीतून ऐकू द्या."

माईक त्याच्या तोंडापुढे होता. एकादशीला गिळलेले ते चार शब्द अजून त्याच्या घशातच होते. आता ते बोलले असते तर वेशीपर्यंत गेले असते, आणि पाटलालाही ते नाकारता आले नसते. समोर खांबापाशी बुवांनी डोळे उघडले होते. ते त्याच्याकडेच बघत होते, कसलीही अपेक्षा न ठेवता, प्रेमाने.

रखमाजीने तोंड उघडलं. पाटील शेजारी उभा होता, नारळ हातात होता, कार्ला-मळवलीची माणसं माना उंच करून बघत होती.

"काय न्हाई," तो म्हणाला. "समद्या पंचांची किरपा."

त्याच्या मागे पेटीने ते खणखणीत म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनीही वाजवल्या. मग ते खांबाचा आधार घेऊन उठले, प्रसाद उपरण्याच्या टोकाला बांधला आणि बेडशाच्या वाटेला लागले. रखमाजी त्यांच्यामागे मंडपाच्या कडेपर्यंत गेला. तिथे माणसांनी त्याला गराडा घातला, पेटीला लाकूड कुठलं, पॉलिश कसलं, विचारायला. तो सांगत बसला.

घरी आला तेव्हा अंबूबाई पाठमोरी भांडी घासत होती. त्याने नारळ ओट्यावर ठेवला. तिने वळून पाहिलं नाही.

"जेवायला वाढ," तो म्हणाला.

"वाढते."

तिने ताट मांडलं. तो बसला. भाकरीचा तुकडा मोडून त्याने तो तसाच हातात धरला.

"हितपत्तुर ऐकू आलं का गं?"

"आलं."

"कसं आलं?"

अंबूबाईने राखेचा हात पुन्हा भांड्यावर फिरवला.

"साफ," ती म्हणाली. "तुमचं तर लयच साफ आलं."