रिजेक्टसाहेबांनी तपासलेला फोन

बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली की माणसाच्या बोटांना काही गोष्टी आपसूक कळायला लागतात. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरकही साहेबांच्या अंगठ्याला खुपायचा. पोलादाची कडी हातात घेऊन दोनदा फिरवायचे आणि म्हणायचे, "टाक बाजूला." बस्स, कडी बाद. म्हणून कारखान्यात सगळे त्यांना रिजेक्टसाहेब म्हणत. निवृत्त झाल्यावर हे नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. नात्यातल्या कुणाला कढई घ्यायची असो की दाराचं कुलूप, साहेबांना सोबत न्यायचं अशी रीतच पडली. नळ घ्यायचा तर दुकानातच तो पन्नास वेळा उघडून बंद करणार, आणि एकावन्नाव्या वेळी दुकानदाराला म्हणणार, "दुसरा दाखवा."

"या माणसानं आयुष्यात पास केलेली एकच गोष्ट, ती म्हणजे आई," असं त्यांची लेक म्हणायची.

त्यावर आई म्हणायची, "तेव्हा यांना अजून नोकरी लागली नव्हती ना!"

असले विनोद आता साहेबांपर्यंत पोचत नव्हते. कारखान्यानं पगार दिला आणि कान नेले. प्रेसच्या दणक्यात आणि ग्राइंडरच्या किंचाळण्यात ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं आणि शेवटी संपलंच. श्रवणयंत्र लावून पाहिलं, तर कुणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय असं वाटायचं. ते ड्रॉवरमध्ये गेलं. त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती. लेकीला सांगायचं असेल ते ती कागदावर लिहायची. बायकोची शाळा चौथीतच सुटलेली, पेन धरलं की तिची बोटं अवघडायची. ती आपली कानाशी जाऊन ओरडायची. पण ओरडून ओरडून माणूस किती ओरडणार? तिची वाक्यं आखडत आखडत एकेका शब्दावर आली. "चहा!" "दार!" "गोळी!" एवढ्यावर संसार चालला होता, आणि बरा चालला होता असंच साहेबांना वाटत होतं.

लेकीचे निरोप वाचण्यापुरता ठेवलेला त्यांचा बटणांचा जुना फोन बंद पडला तेव्हा लेकीनं त्यांच्यासाठी स्मार्टफोन आणला. दुकानातल्या फळीवरचा सगळ्यात स्वस्त. साहेबांनी खोकं उघडायच्या आधी टेबल पुसलं, त्यावर पांढरं फडकं अंथरलं, जाडी मोजायचा व्हर्नियर काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि कामाला लागले.

खोक्यावर छापलेल्या जाडीपेक्षा फोन वीतभर नव्हे, पण दोन दशांश मिलिमीटरनं जाड भरला. कडेचं बटण डुगडुगत होतं. पाठ प्लास्टिकची, आणि चकाकी दाखवून आपण काच असल्याचा आव आणणारी. खालच्या कोपऱ्यात झाकण आणि चौकट यांच्यामध्ये फट होती, त्यात पातळातलं पातळ मापाचं पातं अलगद गेलं. हे सगळं त्यांनी एका कागदावर आकडे घालून लिहिलं. मग मागच्या तीन कॅमेऱ्यांकडे वळले. टॉर्च मारून एकेकात पाहिलं. पहिल्यात भिंग दिसलं, दुसऱ्यात दिसलं, तिसऱ्यात मात्र नुसता काळा गोल. आत काहीच नव्हतं.

"खोटा डोळा!" साहेब गरजले. आपला आवाज किती मोठा येतो हे त्यांना कळायचं नाही. शेजारच्या घरातलं भांडं पडलं असणार.

लेकीनं कागद ओढून लिहिलं, 'बाबा, एवढ्या पैशात एवढंच येतं.'

"स्वस्त असण्यात गुन्हा नाही," ते म्हणाले. "सोंग करण्यात आहे. परत देऊन टाकू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप-लेक दुकानात गेले. काउंटरपलीकडे पंचविशीतली एक मुलगी उभी होती, तिथली विक्रेती. साहेबांनी फोन आणि यादी तिच्यासमोर ठेवली. तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली, अगदी मन लावून, आणि काहीतरी भरभर बोलली. साहेबांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं स्वतःच्या कानाला बोट लावून मान हलवली.

आता ही ओरडणार, असं समजून साहेबांनी चेहरा आवळला. लोक ओरडतात तेव्हा त्यांचे चेहरे रागावल्यासारखे होतात, आणि ते बघायचं त्यांच्या जिवावर येई. पण मुलगी ओरडली नाही. तिनं फोन उचलला, दोन-तीन मिनिटं त्यात काहीबाही केलं आणि त्यांच्यापुढे काउंटरवर उभा करून ठेवला. पडदा काळा होता. त्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागली.

'काका तुमची यादी एकदम बरोबर आहे. तो तिसरा कॅमेरा शोभेचाच आहे. आमच्या मालकांनासुद्धा हे माहीत नसेल.'

साहेबांनी तिच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात काउंटरवर पालथे होते. तिचे ओठ हलत होते. ओठ थांबले की अक्षरं थांबत होती.

"कोण लिहितंय हे?" ते ओरडले. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

'कोणी नाही काका. मी बोलतेय आणि हा लिहितोय. नेट चालू पाहिजे फक्त.'

दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. साहेबांना मात्र एकतीस वर्षांची सवय. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"माझ्याकडे पाठ करून बोल," ते म्हणाले. मुलगी वळली, बोलली. अक्षरं आली. "आता पंखा लाव." पंखा लागला, तरी अक्षरं आली. "चार पावलं लांब जा." एक शब्द चुकला, त्यांनी नोंद केली. "आता आकडे म्हण. एकोणऐंशी, एकोणनव्वद, एकोणसाठ, एकोणसत्तर. भरभर." इथं भली भली माणसं अडखळतात. फोननं चारही आकडे बिनचूक मांडले. मग त्यांनी लेकीला आणि मुलीला एकदम बोलायला लावलं, तेव्हा पडद्यावर खिचडी झाली. साहेबांना जरा बरं वाटलं. कशाला तरी हद्द आहे हे कळल्याशिवाय त्यांचा त्या गोष्टीवर विश्वास बसत नसे.

"आता तुमच्याकडचा सगळ्यात महाग काढा."

काचेआडचा फोन आला. दोन्ही शेजारी शेजारी उभे केले. मुलगी बोलत राहिली. दोन्ही पडद्यांवर तीच वाक्यं, तेच शब्द. महागड्यावर ती पापणी लवण्याइतकी आधी यायची, एवढाच काय तो फरक.

साहेब भिंग लावून स्वस्त फोनवर वाकले. खालच्या कडेला त्यांना एक भोक सापडलं. टाचणीच्या टोकाएवढं. काल मोजमाप करताना त्यांनी ते पाहिलं होतं आणि कडा साफ आहेत म्हणून सोडून दिलं होतं. हवा थरथरते, तो थरथराट या भोकातून आत जातो, आणि आतलं कुणीतरी हा थरथराट 'का' आणि हा 'खा', हा एकोणऐंशी आणि हा एकोणनव्वद, असं निवडून काढतं. ज्याला हात लावता येतो तेवढंच त्यांनी जन्मभर मोजलं होतं. माणसाचा आवाज असा निवडून, धुऊन, ओळीत मांडून मिळेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तोही असल्या डुगडुगत्या बटणाच्या, फट राहिलेल्या डबीत! त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं आणि बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. एखाद्या विहिरीत डोकवावं तसे.

लेकीनं त्यांच्या दंडाला हात लावला. 'बाबा परत द्यायचा ना,' अक्षरं उमटली.

"खोटं ते खोटंच, यादीत राहील," साहेब यादीची घडी घालत म्हणाले. "फोन घरी येईल."

घरी जाताना त्यांनी फोन दिव्यासारखा समोर धरला होता. फळवाल्याची आरोळी उमटली. दोन बायकांचं भाड्यावरून चाललेलं भांडण उमटलं. एका चालकानं पुढच्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो तर फोननं अर्धवट फुल्या घालून लिहिला आणि साहेब भर रस्त्यात खो खो हसले. मध्येच कोपऱ्यात बारीक अक्षरं आली : 'कुत्रा भुंकत आहे.' साहेबांनी वळून पाहिलं. उभ्या गाडीमागे खरंच एक कुत्रा तोंड उघडून मिटत होता. अकरा वर्षं हे सगळं त्यांच्या भोवती चाललं होतं!

घरी बायको स्वयंपाकघरात टेबलाशी बटाटे सोलत बसली होती. लेकीनं तिला सगळं समजावलं आणि आपल्या कामावर निघून गेली. साहेबांनी फोन बटाट्यांच्या पातेल्याला टेकवून उभा केला आणि समोर बसले.

"बोल," ते म्हणाले.

बायकोनं फोनकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पदरानं हात पुसले.

'आता काय बोलू.'

"काहीही."

'बटाटे महाग झालेत.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. तिचं आख्खं वाक्य त्यांना कितीतरी वर्षांनी मिळालं होतं. "पुढे?" ते म्हणाले.

'पुढे काय. बटाटे महाग झालेत. कांदे त्या मानानं बरे. तुम्ही असे टक लावून बसलात तर मला सुचणार नाही काही.'

साहेबांनी नजर पडद्यावर ठेवली. ती सोलत राहिली. एक बटाटा झाला, दुसरा झाला. पडदा काळाच होता. मग एकेक शब्द यायला लागला, हळू, थांबत थांबत. साहेबांना कळलं की ती अगदी दबक्या आवाजात बोलत असणार.

'तीन वर्षांपूर्वी मला डाव्या बाजूला पाठ आली होती.'

साहेबांना काही उमगेना. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत तो शब्द हलला. फोननं आपली चूक आपणच खोडली. 'पाठ' गेलं आणि तिथे 'गाठ' आलं.

'तुम्हाला म्हटलं बहिणीकडे जाते. तिलाच घेऊन दवाखान्यात गेले. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस लागतील म्हणाले. आठ दिवसांनी कळलं साधी आहे. मग काढून टाकली. आता काही नाही.'

"मला का नाही सांगितलंस?"

बायकोनं झटकन पुढे वाकून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हाताला बटाट्याचा ओलसर वास होता.

'हळू. सांगणार कशी. ओरडून? तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. अशा गोष्टी काय ओरडून सांगायच्या असतात. दोनदा कागद घेतला. तो एक शब्द लिहिला की हात पुढे जाईना. मग म्हटलं राहू दे.'

साहेब ते आठ दिवस आठवायचा प्रयत्न करत होते. त्यांना ते वेगळे काढता येईनात. याच टेबलाशी ते तिच्यासमोर जेवले असणार, पाणी मागितलं असणार, कुणाच्या तरी कढईची खोट काढली असणार. आणि ती समोर बसून "चहा!" म्हणत होती. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक हाताला लागणाऱ्या माणसाला यातलं काही लागलं नव्हतं.

त्यांना काहीतरी विचारायचं होतं. तोंड उघडलं, तशी तिनं तळहातानं 'खाली, खाली' अशी खूण केली. त्यांनी आवाज उतरवला. तिनं पुन्हा खूण केली. आपला आवाज कुठे आहे हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून ते पडद्याकडे बघत बोलायला लागले. अक्षरं आली म्हणजे अजून मोठा आहे. आणखी उतरवला. तरीही आली, फिकट, तुटक. शेवटी त्यांनी नुसत्या श्वासावर, ओठ जेमतेम हलवत विचारलं :

"तेव्हा भीती वाटली का गं?"

पडदा कोराच राहिला. बायकोनं मात्र सुरी खाली ठेवली.

'खूप,' फोननं लिहिलं.

बटाटे तसेच राहिले. फोनची बॅटरी उतरली तेव्हा साहेबांनी उठून वायर लावली आणि खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली, कारण वायर आखूड होती. हेही त्यांच्या ध्यानात आलं, पण कागदावर लिहायला ते उठले नाहीत. ती बोलत होती. बहिणीच्या घरचं, वरच्या मजल्यावरच्यांचं, लेकीनं कुणाला तरी होकार देता देता नकार कसा दिला ते, साहेबांच्या एका जुन्या मित्राचं निधन झालं तेव्हा ती त्यांच्यापासून दूर जाऊन जिन्यात का रडली ते. साहेब वाचत होते. मध्ये मध्ये फक्त म्हणत होते, "थांब, वर गेलं ते, परत सांग."

तिसऱ्या दिवशी लेक आली तेव्हा आई गळ्याला मफलर गुंडाळून बसली होती आणि साहेब गॅसपाशी उभे राहून गुळण्यांसाठी पाणी गरम करत होते, त्यात मीठ घालत होते. लेकीनं काय झालं म्हणून हातानं विचारलं.

"घसा बसलाय तिचा," साहेब म्हणाले, आणि लेक दचकलीच, कारण ते साध्या माणसासारखं, हळू बोलले होते. "आज तिला अजिबात बोलायला लावू नकोस. अकरा वर्षांपैकी अजून चारच झालीत."