फुकटचा गिअर

रसेल क्लेगला खरं सांगायला मी त्या महिन्यात तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून परत आलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा घोडा झालो, चाळीस वर्षं लॉरी चालवली, ग्लासगोच्या गोदीत भल्याभल्यांशी हमरीतुमरीवर आलो, पण या पोरासमोर बसलं की माझी बोबडी वळायची. पोर कसलं, त्रेपन्न वर्षांचा बाप्या तो. पण त्याचा बाप एवर्ट गेला तेव्हा हा पाच वर्षांचा होता आणि माझ्या डोक्यात तेवढाच राहिलाय.

भानगड होती त्याच्या पुस्तिकेची. आमची कंपनी, बर्नलीची थॉर्नबर ब्रदर्स, बंद पडून तीस वर्षं झाली. उरल्यासुरल्या ड्रायव्हरांना गाठून, त्यांच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवून रसेलने आठवणी गोळा केल्या होत्या. सोमवारी ते छापायला जाणार आणि मग थॉर्नबरच्या जिवंत असलेल्या प्रत्येक माणसाला टपालाने एकेक प्रत. हौस दांडगी. त्याने मला कच्ची प्रत वाचायला दिली, वर म्हणाला, चुका काढा काका.

चुका! नवव्या पानावर टेड हॉल्डनचा किस्सा होता. आमच्या आठचाकी गाड्यांचं इंजिन दणकट, पण ताशी चाळीस मैलांच्या वर ढिम्म जायचं नाही. मग शॅपच्या डोंगराचा उतार लागला की आम्ही गाडी न्यूट्रलला टाकायचो आणि मोकळी सोडायचो. बारा टन माल, वर ताडपत्री, आणि गाडी सत्तरने खाली. तेवढाच वेळ वाचायचा, एखादा मुक्काम टळायचा, घरचं जेवण मिळायचं. त्याला आम्ही फुकटचा गिअर म्हणायचो. मालकाला कळलं तर नोकरी जायची, म्हणून तर सांगायला मजा. दर गुरुवारी क्लबात हा किस्सा निघतो आणि दर वेळी वेग पाच मैलांनी वाढतो. एकटा टेडच फुशारक्या मारतो असं नाही, मीही मारल्यात.

चौदाव्या पानावर एवर्टचं मरण होतं. 'फिटर लुईस गारसाइड याच्या हलगर्जीपणामुळे ब्रेक निकामी झाले आणि हक्स ब्राऊच्या पुलावर माझे वडील गेले.' असं नावानिशी, ठसठशीत.

आता ऐका. ही दोन्ही पानं एकाच गोष्टीची आहेत. ब्रेकला काही धाड भरली नव्हती. एकसष्ट साली, त्या दिवशी, शॅपच्या उतारावर एवर्टच्या मागच्या गाडीत मी होतो. त्याच्या धुराड्यातला धूर एकदम थांबला आणि गाडी पुढे सुटली, तेव्हाच मला कळलं की याने फुकटचा गिअर टाकला. उताराच्या तळाशी पुलापाशी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पोलीस यायच्या आत मी त्या चेपलेल्या केबिनमध्ये हात घातला आणि गिअरचा दांडा न्यूट्रलमधून पुढे ढकलला. त्याच्या अंगावरून हात घालावा लागला. ते अजून आठवतं.

न्यूट्रलला गेला म्हणजे चूक ड्रायव्हरची, आणि मग त्याच्या बायकोच्या, नेलीच्या हातात भरपाईचं काही पडणार नव्हतं. म्हणून चौकशीत मी, टेड आणि बिली नटॉल, आम्ही तिघांनी बायबलवर हात ठेवून सांगितलं की एवर्ट आठवडाभर ब्रेकची तक्रार करत होता आणि लुईसने कानाडोळा केला. आम्हाला वाटलं, मालक लुईसला चार शब्द सुनावेल आणि विषय मिटेल. आमचं आपलं ठरलं. लुईस तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्याची नोकरी गेली, अख्ख्या लँकाशायरमध्ये कुठल्या गॅरेजने त्याला दारात उभं केलं नाही, शेवटी बायकोला घेऊन केंडलला गेला आणि बुटांच्या कारखान्यात झाडू मारत राहिला. आता ब्याऐंशीचा आहे, तिथल्याच वृद्धाश्रमात. डोकं शाबूत. म्हणजे पुस्तिका त्यालाही जाणार आणि तो ती वाचणार.

बिली मेला. नेली जाऊनही बारा वर्षं झाली. मग बोलायला कोणाची बंदी होती? टेडला म्हटलं, आपण दोघं मिळून रसेलकडे जाऊ. टेड म्हणाला, तू खोटी शपथ घेतलीस हे तुला सांगायचं असेल तर खुशाल सांग, मी म्हणेन सिरिल शॉरॉकला भ्रम झालाय. असा हा जिवलग मित्र. डोक्यात तिडीक गेली, पण त्याच्याशी भांडून काय उपयोग? बारा वर्षं मी तरी कुठे दिवे लावले होते?

पहिल्यांदा रसेलच्या घरी गेलो तर त्याने चहा आणि खिम्याचे पॅटिस पुढे ठेवले, आणि बापाचा फोटो दाखवला. झालं. दुसऱ्यांदा फोन केला आणि पुस्तिकेतल्या स्पेलिंगबद्दल बोललो. तिसऱ्यांदा धीर करून म्हटलं, ते चौदावं पान काढून टाक. तर तो थंडपणे म्हणाला, काका, त्या माणसाची बाजू घेऊ नका, तुमच्याबद्दल मला आदर आहे. घरी येऊन स्वतःलाच शिव्या घातल्या, बायको म्हणाली कुत्र्यावर का ओरडताय.

मग उजाडला तो मे महिन्यातला रविवार, पुस्तिका छापायला जायच्या आदला दिवस. जुन्या लॉऱ्यांची फेरी होती, पेनरिथहून शॅप ओलांडून केंडलपर्यंत. लेलँड, फोडेन, सगळ्या घासूनपुसून उभ्या. रसेलने स्वतः उभी केलेली ॲटकिन्सन होती, आठचाकी, थॉर्नबरच्या लाल रंगात. बाकीचे शहाणे रिकाम्या गाड्या नेत होते. याला मात्र खरं वजन हवं होतं, म्हणून दहा टन दगडी फरशा भरून, जुन्या पद्धतीने दोर आवळून वर ताडपत्री घातली होती. शेजारी बसायला मला बोलावलं. मी ठरवलं, आज केंडल यायच्या आत बोलायचंच, मग तो मला खाली उतरवो नाहीतर काय करो.

चढाला त्याने गिअर नीट टाकले. मी कौतुक केलं. मग पुन्हा कौतुक केलं. माथा जवळ येत होता आणि मी मेंढ्यांबद्दल बोलत होतो, च्यायला. रसेल खुशीत होता. बर्नलीत त्याचं गॅरेज आहे आणि तिथे तो फक्त ब्रेकची कामं करतो, पंचवीस वर्षं झाली. या गाडीत त्याने सगळ्यात आधी काय केलं तर ब्रेक. ड्रमपासून पट्ट्यांपर्यंत एकूण एक नवीन, आणि दर रविवारी तपासणार. ते सगळं तो मला पुन्हा सांगत होता.

माथा ओलांडला, समोर उतार पसरला. मी म्हटलं, "रसेल, मला तुला एक सांगायचंय."

"थांबा काका, आधी गंमत बघा," तो म्हणाला. क्लच दाबला आणि गिअर काढून घेतला.

इंजिनचा आवाज एकदम खाली बसला. केबिनमध्ये फक्त वारा आणि टायर.

"गिअर टाक," मी म्हटलं.

"नववं पान," तो हसला. "फुकटचा गिअर. तुम्ही सगळ्यांनी केलं, मला एकदा तरी करू द्या. आणि माझे ब्रेक नवे आहेत. घाबरू नका."

चाळीस झाले. पंचेचाळीस. दहा टन दगड मागून ढकलत होते. या गाड्यांचं असं आहे की एकदा वेग चढला की गिअर परत पडतच नाही, इंजिन तेवढं फिरतच नाही. मग उरतात फक्त ब्रेक, आणि तेवढं वजन एकट्या ब्रेकवर घेतलं की ते तापतात, आणि तापले की पाय दाबून उपयोग नसतो, कितीही नवे असोत. हे आम्हाला माहीत होतं. किस्सा सांगताना आम्ही एवढंच सांगायचं सोडत होतो.

"तुझा बाप असाच मेला," मी म्हटलं. "ब्रेक चांगले होते. त्याने गाडी न्यूट्रलला सोडली होती. मी मागे होतो. मी पाहिलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"रस्त्याकडे बघ. आत्ता ब्रेक दाब, गार आहेत तोवर, पूर्ण दाब आणि सोडू नकोस."

त्याने दाबला. गाडी थरथरली, मागे दोर करकरले. मी दोन्ही हातांनी हँडब्रेकचा दांडा धरला आणि खटक्या-खटक्याने ओढत गेलो, खांदा निखळतोय की काय वाटलं. जळका वास आला. वळणावर गाडी पांढरी पट्टी ओलांडून पलीकडे गेली, समोरून कोणी येत नव्हतं म्हणून वाचलो. पस्तीस झाले, मग तीस. मी म्हटलं, आता रेस दे, अजून दे, आता टाक. गिअर इतका कर्कश ओरडला की दात शिवशिवले, पण पडला. इंजिनने गाडी धरली. तोच पूल दिसायला लागला होता, त्याच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत त्याने गाडी थांबवली.

चाकांतून धूर येत होता. रसेल खाली उतरला आणि पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. मीही उतरलो. आता तोंड सुटलं होतं. धूर, गिअरचा दांडा, बायबल, टेड, बिली, नेली, सगळं सांगितलं. तुझ्या आईसाठी केलं, असंही म्हणालो. ते म्हटल्यावर माझी मलाच किळस आली, कारण नेली जाऊनही मी बारा वर्षं तोंड बंद ठेवलं होतं आणि ते काही तिच्यासाठी नव्हतं.

चाकाकडे बघतच तो बोलला. "मला वाटायचं, ब्रेक चांगले असले की माणूस मरत नाही. त्यावर मी आख्खं आयुष्य काढलं, काका."

त्याने टोपीने धूर बाजूला सारला.

"तो गारसाइड दर नाताळला आईला कार्ड पाठवायचा," रसेल म्हणाला. "आई न उघडता शेगडीत टाकायची. एकदा मी उचललं तर माझ्या थोबाडीत मारली होती."

फेरीतल्या गाड्या भोंगे वाजवत आमच्या शेजारून जात होत्या. लोक हात करत होते. ब्रेक गार होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. मग तो चढला, दार उघडं ठेवून म्हणाला, "बसा. मी काही सांगणार नाही त्याला. तुम्ही सांगायचं."

केंडलच्या चौकात बँड वाजत होता, तिथे न थांबता त्याने गाडी सरळ वृद्धाश्रमापुढे लावली. लुईस बागेत बाकावर होता. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, तिचा रंग पाहिला, आणि मग माझ्याकडे. अठ्ठेचाळीस वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो, पण ओळखायला त्याला वेळ लागला नाही. मी उभ्यानेच सांगितलं, एका दमात. रसेल मागे टोपी हातात धरून उभा होता. हा एवर्टचा मुलगा, एवढं सांगायचं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

लुईस रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पट्ट्या मी सोमवारीच बसवल्या होत्या. चांगल्या बसल्या होत्या, मला माहीत होतं. पण तीन माणसं शपथेवर सांगतात म्हटल्यावर स्वतःच्याच हातांची शंका यायला लागते. एखादा नट राहिला असेल. मी रोज तो सोमवार आठवायचो, नट मोजायचो."

रसेल पुढे आला आणि त्याच्या शेजारी बसला. ते पान मी काढतो, असं काहीतरी पुटपुटला. खरं काय ते छापतो.

"छाप की," लुईस म्हणाला. "माझ्या बायकोने, एडनाने, मला एका शब्दाने कधी बोल लावला नाही. शेवटी आजारी होती तेव्हा माझा हात धरून म्हणाली, 'लुईस, तू त्या माणसाला मारलंस, पण मी तुला केव्हाच माफ केलंय.' देवभोळी होती. मला माफ करूनच गेली ती."

कधी गेल्या, असं रसेलने हळूच विचारलं.

"आत्ताच की," लुईस म्हणाला. "मार्चमध्ये."