ओट्याचं माप

दुपारच्या शांततेत मापाची पोलादी पट्टी खटकन आत गेली, तसे ओट्यावरच्या झोपाळ्यात डुलक्या घेणाऱ्या तात्यांनी डोळे उघडले.

"आलीस परत?" ते सुनेवर गुरगुरले. "कमळीची पडवी मोजलीस, विश्रामचं न्हाणीघर मोजलंस. माझ्या ओट्याला ती पट्टी लागता कामा नाय. मोजून दिलं म्हणजे सोडून दिलं!"

मंदाने पदर खोचला. घिवलीच्या अलीकडे, समुद्राकाठची त्यांची आळी वीज प्रकल्पाच्या वाढीत जाणार होती. सोमवारी सरकारी माणसं येणार, यादीत प्रत्येक घरापुढे 'कौलारू, एक' एवढं लिहून जाणार आणि मग बोईसरच्या बाजूला सगळ्यांना एकसारखे प्लॉट. त्याआधी आळीतलं घर न् घर कागदावर उतरवायचंच, हे तिने पक्कं केलं होतं. पट्टीचं दुसरं टोक धरायला तिची लेक वैजू होतीच.

पट्टी जर्मनीची. तिच्या नवऱ्याला, कृष्णकांतला, कारखान्याने नवं यंत्र शिकायला न्यूरेंबर्गला पाठवलं होतं, तेव्हा शेवटी शेवटी तीही त्याच्याकडे जाऊन आली. आळीतल्या बायका अत्तराची वाट बघत होत्या. शेजारच्या कमळीने तर तोंडावर म्हटलं, "अगो, विमानात बसून गेलीस नि सुताराचं सामान घेऊन आलीस?"

"चॉकलेटं दिली ना तुला?"

"ती पोरांची. मी नुसती चाखली."

"डबा रिकामा होईपर्यंत!"

आता मंदा झोपाळ्यासमोर खालीच बसली. "तात्या, तिथल्या जुन्या गावात पाय ठेवला नि मला तुमचीच आठवण आली. उतरत्या छपरांवर तांबडी कौलं, दगडी भिंती, मधल्या चौकात बाजार. एक म्हातारी निखाऱ्यावर भाजलेले बोटाएवढे सॉसेज पावात घालून विकत होती. यांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, 'आजी, ही घरं किती जुनी?' तर हसली. म्हणाली, 'माझ्याहून लहान आहेत.'"

"थट्टा केली असंल तुमची."

"नाही हो. लढाईत बॉम्ब पडले, एका रात्रीत गाव जळालं. नुसते दगडविटांचे ढीग राहिले. मग लोकांनी जुने फोटो, जुनी मापं शोधून काढली नि त्यावरून पुष्कळ घरं होती तशी परत उभी केली. माझा पाव हातातच गार झाला, तात्या. म्हटलं, आपल्या आळीचं तर कुणाकडे काहीच नाही. दुकानं बघायलाच निघालो होतो. अत्तराचं राहू दे म्हटलं, खिळेमोळेवाल्याकडे चला."

तात्यांनी माडांकडे हात केला. "आमी जाणार नाय हितून."

"नका जाऊ. सरकारशी भांडायला मी तुमच्याही पुढे आहे. पण घर मी मोजणार."

"माझं न ऐकता?"

"तुमचंच लिहायचंय ना. हा ओटा तुम्ही हातांनी बांधलात. सासूबाईंना बसल्या बसल्या कुंपणावरून बाहेरचा रस्ता दिसावा म्हणून इकडे एक पायरी वाढवलीत. सोमवारचा साहेब हे लिहिणार आहे?"

तात्यांनी पानाचा डबा उघडला, काहीच न घेता मिटला. मग जमिनीला टेकलेले दोन्ही पाय हळूच उचलून त्यांनी झोपाळ्यावर घेतले.

मंदाने पट्टी ओढली. ती त्यांच्या खालून सरसरत भिंतीपर्यंत गेली.

"नीट टेकव गो बायो, भिंतीला," तात्या नातीवर खेकसले. "हिकडं तिकडं झालं तर ओटा वाकडा व्हायचा!"

वैजूने जीभ दातांत धरून टोक घट्ट दाबलं. मंदाने आकडा लिहिला, पायरीची खूण केली आणि पुढच्या खांबाकडे वळली.

"आई," टोक न सोडता वैजूने विचारलं, "त्या गावातली घरं परत बांधली ना? मग त्यांत राहायला तीच माणसं परत आली?"