तेबुरेआच्या भुवया

नेई तेबुरेआच्या, म्हणजे तेबुरेआबाईंच्या, भुवया इतक्या दाट, की एकदा होडीत तिचा डोळा लागला तेव्हा एक समुद्रपाखरू घरटं समजून तिच्या कपाळावर बसलं आणि अंडं घालून उडून गेलं. खोटं वाटत असेल तर ते अंडं उकडून खाणाऱ्यांना विचारा.

या तेबुरेआला गावाचा वायरलेस चालवायचा होता. जुना चालवणारा मुलाकडे राहायला गेला आणि यंत्र दवाखान्यात मुकं पडलं. तारावा या मोठ्या बेटावरच्या सरकारी कचेरीने कळवलं, पुढची बोट येईपर्यंत कोणी शिकून तयार झालं तर ठीक, नाहीतर यंत्र उचलून पलीकडच्या गावाला देऊ. पलीकडच्या गावाला! ज्यांनी आमचं डुक्कर आपलं म्हणून लग्नात वाढलं, त्यांच्या दारात जाऊन आमच्या आजाऱ्यांनी डॉक्टरला हाक मारायची?

तारावाचे काइतु गुरुजी रोज सकाळी यंत्रावरूनच शिकवायचे.

"तेबुरेआ, बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. कळलं का? ओव्हर."

तेबुरेआने भुवया उचलल्या. आमच्या बेटांवर 'हो' भुवयांनीच म्हणतात. तोंड जेवायला आणि भांडायला राखून ठेवलेलं.

"कळलं का?"

तिने आणखी उचलल्या. शेजारी बसलेल्या नणंदेने, रोटिआने, मदत म्हणून आपल्याही उचलल्या.

"अगं, जिवंत आहेस का?"

आता दवाखान्यातल्या झाडून सगळ्या रोग्यांनी उचलल्या. यंत्रात नुसती खरखर.

मग ती विचारायची, "वादळाची खबर अशीच द्यायची ना, गुरुजी? ओव्हर." तिकडून चकार शब्द नाही. चुकलं वाटतं, म्हणून ती जरा फिरवून सांगे. पुन्हा शांतता. मग आणखी फिरवून. असं करता करता येत होतं तेही ती विसरायला लागली.

"वहिनी, म्हाताऱ्याला तू आवडत नाहीस," रोटिआ म्हणाली.

"मला तरी कुठे आवडतो! दगडाशी बोलतेय असं वाटतं."

तिकडे गुरुजी बायकोला सांगत होते, "बाई अगदी दगड आहे गं."

बोट आली. गुरुजी स्वतःच यंत्र बांधायला दोरी घेऊन उतरले. पण खाऊपिऊ घातल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याला काडी उचलू देत नाहीत. मनेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या छपराखाली, त्यांना बसवलं, हातात शहाळं दिलं. समोर चटईवर तेबुरेआ, मान खाली घालून.

"इतके दिवस घसा फोडला मी," गुरुजी म्हणाले. "एक दिवस तरी काही कळलं का तुला?"

भुवया वर गेल्या.

शहाळं ओठाशीच थांबलं. "रोज हेच करत होतीस?"

पुन्हा वर.

"अगं बये! यंत्रातून भुवया दिसतात का?"

"आणि तुम्ही हो, गुरुजी? मी 'बरोबर का' विचारायची तेव्हा तुम्ही काय करायचात?"

गुरुजींनी उत्तराला तोंड उघडलं, पण भुवया आधीच वर पोचल्या होत्या. मिशीवरून शहाळ्याचं पाणी ठिबकत होतं.

सारं मनेआबा असं हसलं, की छपराची पानं उडून पलीकडच्या गावात पडली. ती अजून त्यांनी परत दिलेली नाहीत.

दुपारभर दोघं समोरासमोर बसली. विसरलेलं सगळं भराभर परत आलं. निघताना गुरुजी म्हणाले, "बोटीवरच्या यंत्रावरून परीक्षा घेतो. उत्तर तोंडाने आलं पाहिजे. नाही आलं, तर होडी पाठवून यंत्र नेईन."

परीक्षेला रोटिआ दोन्ही तळवे सरसावून वहिनीच्या मागे उभी राहिली.

"खडकातली होड्यांची वाट मोकळी आहे का? ओव्हर."

भुवया उसळल्या. रोटिआने त्या दाबून धरल्या. वरची वाट बंद झालेला होकार तोंडातून बाहेर पडला, "होऽऽ! मोकळी आहे! ओव्हर!" बोटीवरच्या स्वयंपाक्याला तो यंत्राशिवायच ऐकू गेला आणि त्याच्या हातून पातेलं पडलं.

पुढे वादळाची खबर, आजाऱ्याचा निरोप, सगळं तिने धडाधड सांगितलं. "बरोबर का, गुरुजी? ओव्हर."

खरखर. मग शांतता.

"गेलं, वहिनी," रोटिआ रडवेली झाली. "यंत्र गेलं."

आधीची तेबुरेआ असती, तर तिने पुन्हा फिरवून सांगायला घेतलं असतं. पण आता त्या शांततेला ओली मिशी होती. तिने सावकाश बटण दाबलं.

"गुरुजी, भुवया खाली घ्या आणि तोंडाने बोला. ओव्हर."

यंत्रातून आधी खोकल्यासारखं हसू आलं. मग, "पास गं बाई, पास! यंत्र तुझं. रोज सकाळी मला हाक मारायची. कळलं का? ओव्हर."

तेबुरेआने भुवया उचलल्या.

"दिसल्या," गुरुजी म्हणाले.